पाचवे परिशिष्ट

१

मंडळाचे पत्र पाच ओळींचे होते आणि त्यातली पहिलीच ओळ नूतनच्या मते अशक्य होती.

'मुख्याध्यापक पदासाठीच्या आपल्या अर्जास परिशिष्ट ५ जोडलेले नाही. सबब अर्ज अपूर्ण असून अपात्र ठरविण्यात येत आहे. सदर परिशिष्ट मूळ सह्यांसह येत्या शनिवारी सकाळी अकरापर्यंत महाड कार्यालयात सादर केल्यास फेरविचार करण्यात येईल.'

नूतन सकपाळ बुधवारी दुपारी ते पत्र घेऊन तुळसाबाईंच्या ओटीवर आली, तेव्हा तिथे तीन मुले भागाकार करत बसली होती. एप्रिलचा शेवट होता, सकाळची शाळा सुटली होती आणि पांगारकोंडच्या चढावर चिटपाखरू नव्हते. तुळसाबाईंनी पत्र वाचले, मुलांना म्हणाल्या, "जा रे, करवंदं खाऊन या. उरलेलं उद्या." मुले उड्या मारत गेली.

"बाई, मी जोडलं होतं. तुमच्यासमोर टॅग बांधला."

"होय गो. मीच गाठ धरली होती."

तुळसाबाईंनी सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवले होते. नूतनला लिहायला त्यांनीच शिकवले. पुढे नूतन याच गावच्या माध्यमिक विद्यालयात गणिताची शिक्षिका झाली, त्यालाही सतरा वर्षे झाली. शाळा मंडळाची. मंडळ म्हणजे मुंबईत राहणारे इथलेच लोक, आणि त्यांचे कार्यालय महाडला एका दुकानाच्या वरच्या खोलीत. मुख्याध्यापक गेल्या वर्षी निवृत्त झाले. ज्येष्ठता यादीतल्या वरच्या दोघांनी नकारपत्रे दिली, तेव्हा मंडळाने उरलेल्यांकडून अर्ज मागवले.

अर्ज याच ओटीवर तीन आठवडे तयार होत होता. नूतनने पहिल्यांदा लिहून आणले ते असे होते : 'मी मेहनती, प्रामाणिक व विद्यार्थिप्रिय शिक्षिका आहे.' बाईंनी ते वाक्य खोडले. "तू कशी आहेस ते त्यांना ठरवू दे. तू काय केलंस ते लिही. आणि दर वाक्याखाली स्वतःला विचार, कशावरून?"

मग वाक्ये कमी होत गेली आणि 'कशावरून'ची उत्तरे वाढत गेली. विज्ञान प्रदर्शन, दहावीचे निकाल, पाण्याच्या टाकीसाठी केलेला पत्रव्यवहार. अशी अकरा परिशिष्टे झाली. त्यात पाचवे म्हणजे अर्जाचा जीव होता. सहा पाने. तीन वर्षे नूतन शाळा सुटल्यावर सात कोंडांवर, म्हणजे डोंगरातल्या वस्त्यांवर, चालत गेली होती. पाचवी ते दहावीचे कोणते मूल खरोखर किती दिवस शाळेत आले, का आले नाही, पुन्हा कधी यायला लागले, ते सगळे तिने लिहून ठेवले होते. प्रत्येक नावापुढे पालकांची सही नाहीतर अंगठा. शेवटच्या पानावर सोळा मुलांची नावे होती. त्यांचे आईबाप मुंबईला राहायला गेले होते. नूतन दिवाळीच्या सुट्टीत दिवा, भांडुप, नालासोपारा असे फिरली आणि त्या सोळाही जणांना तिथल्या शाळांत बसवून आली. शाळांची नावे आणि तारखाही होत्या. खाली एकच ओळ : 'यांपैकी एकही मूल शाळाबाह्य नाही.'

"मोबाइलवर फोटो आहेत सगळ्याचे," नूतन म्हणाली. "पण त्यांना मूळ सह्या हव्यात. निम्मे सह्या करणारे लग्नाकार्यांना पांगलेत, सोळाजण मुंबईत. तीन दिवसांत कुठून आणू परत? बाई, कोणी घेतलं असेल?"

तुळसाबाई पत्राकडे बघत राहिल्या. चुकलेले गणित हातात आले की त्या आधी उत्तर खोडत नसत. हे उत्तर आले कुठून, ते शोधत.

"कोणी घेतलं ते मागून बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांग, बाकीची दहा का ठेवली?"

२

फाइलीचा प्रवास सोपा होता. सोमवारी, गेल्या आठवड्यात, नूतनने ती प्रभारी मुख्याध्यापक सुनील सरांच्या हातात दिली. अर्ज त्यांच्या मार्फतच जायचा होता. रात्रभर फाइल त्यांच्या कपाटात होती आणि किल्ली त्यांच्या खिशात. मंगळवारी लिपिक जितेश ती घेऊन एसटीने महाडला गेला आणि पोहोच घेऊन आला.

"पोहोच बघू."

नूतनने पर्समधून चिठोरे काढले. शिक्का, तारीख आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पाने ४८'.

"तू किती दिली होतीस?"

"चोपन्न." नूतनचा चेहरा उतरला. "मी पोहोच उघडून बघितलीच नाही, बाई. आली म्हटल्यावर ठेवून दिली."

"म्हणजे महाडला पोचली तेव्हाच सहा कमी होती. महाडवाल्यांचा यात हात नाही. आता हे बघ. तुझा अर्ज पाडायचाच असता, तर चोराने काय काढलं असतं? बी.एड.चं प्रमाणपत्र. नाहीतर अख्खी फाइलच गहाळ केली असती. यानं टॅग सोडला, मधली सहा पानं काढली, बाकीची ओळीनं परत ओवली, गाठ मारली. अनुक्रमणिकेत पाचवं तसंच राहू दिलं. अर्ज पाडायला नव्हे गो. ती सहा पानं कोणी वाचू नयेत, एवढंच त्याला हवं होतं."

"त्यात वाचू नये असं काय आहे?"

"तेच मला कळत नाही," तुळसाबाई म्हणाल्या, आणि त्यांना ते अजिबात आवडले नाही.

गुरुवारी त्या शाळेत गेल्या. पहिला भेटला तो राहुल पार्टे, दुसरा उमेदवार. महाडहून मोटारसायकलने येणारा, इतिहास शिकवणारा, तोंडाचा गोड. व्हरांड्यात त्याने त्यांना बघितले आणि पाठीवरची बॅगच पुढे केली.

"घ्या बाई, झडती घ्या. डबा, चार्जर आणि एक केळं. पाचवं परिशिष्ट निघालं तर केळं तुमचं."

"तुला कळलं वाटतं."

"सगळ्या शाळेला कळलंय. सगळे माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी देवळातली घंटाच नेली."

"नेलीस का?"

राहुल हसला, मग हसू थांबवून म्हणाला, "बाई, माझा अर्ज भाच्याने मोबाइलवर लिहून दिला. तीन परिशिष्टं. तीही ताणून. मॅडमचं पाचवं माझ्या हाती लागलं असतं ना, तर मी नक्कल केली असती. चोरून मला काय मिळणार? ती पायपीट माझ्या नावावर थोडीच होणार आहे?"

"सोमवारी कुठे होतास?"

त्याच्याआधी उत्तर आले ते खिचडीच्या पातेल्यामागून. पोरांची खिचडी शिजवणारी चिमाबाई डाव आपटत म्हणाली, "ह्यो? ह्यो नवाला पळाला. मी वरडलं, सर जेवून जावा, तर म्हनतो झेरॉक्सवाला बंद होईल. मंगळवारी दांडी. फाइल दिली कधी नि चोरली कधी गो बाय?"

नूतनने फाइल अकरा वाजता दिली होती. राहुलचे नाव तिथेच गळाले. तुळसाबाईंना थोडे वाईटच वाटले. त्याने घेतले असते तर सगळे सोपे झाले असते.

३

जितेश त्यांचाच विद्यार्थी. पस्तिशीचा झाला तरी त्यांना बघून खुर्चीतून उठला.

"बाई, माझे कान धरू नका. मी फक्त पोस्टमन."

"मग पोस्टमननं सांगावं."

"मंगळवारी सकाळी सरांनी फाइल माझ्याकडे दिली. अर्जाच्या खाली त्यांचा शेरा लिहिलेला होता. मी जावक नंबर टाकला, शिक्का मारला, पहिल्या पानाची झेरॉक्स काढून स्थळप्रत ठेवली, फाइल पिशवीत घातली. सातची गाडी होती. पानं मोजायला वेळ कुठे? आणि बाई, मला अर्ज पाडून काय करायचंय? मॅडम हेड झाल्या तर मला सुटी तरी मागता येईल. राहुल सर हेड झाले तर तेच सुटीवर."

"स्थळप्रत बघू."

जितेशने फाइल काढली. नूतनच्या अर्जाचे पहिले पान, खाली सुनील सरांचे गोल, एकसारखे अक्षर. सत्तावीस वर्षे ज्याने कार्यालयीन कागद लिहिले त्याचे अक्षर.

'अर्जदार कार्यक्षम असून अर्ज शिफारशीसह सादर. सोबत : परिशिष्टे दहा.'

असला शेरा कोणी वाचत नाही. तो सगळ्या अर्जांखाली सारखाच असतो. तुळसाबाईंनी तो दोनदा वाचला. मग त्या जितेशला म्हणाल्या, "आठवीचं हजेरीपत्रक आहे का रे? आमच्या शेजारची श्रुतिका आठवीत होती ना, आणि तिचा भाऊ ओम सहावीत. दोन्ही दे."

"ती तर मुंबईला गेली, बाई."

"म्हणून तर बघते."

श्रुतिका आणि ओम जूनमध्येच दिव्याला गेले होते. नूतनच्या सोळांपैकी दोघे. तुळसाबाईंना ती मुले चांगली आठवत होती, कारण शिमग्याला पालखीसाठी सगळे घर गावी आले, तेव्हा दोघे आठ दिवस त्यांच्या ओटीवर पडीक होती. हौस म्हणून चुलत भावंडांबरोबर चार दिवस शाळेतही जाऊन बसली होती. घरी येऊन श्रुतिका म्हणाली होती, "आजी, वर्गात आम्हीच होतो. बाकी सगळी पोरं पालखीमागे!"

हजेरीपत्रकात श्रुतिकाचे नाव होते. जुलैत हजर. ऑगस्टमध्ये हजर, फक्त गणपतीत गैरहजर. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, रोज हजर. आणि शिमग्याच्या आठवड्यात ओळीने 'ग', 'ग', 'ग', 'ग'.

ओमचेही तसेच.

तुळसाबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितले. मूल गावात नव्हते तेव्हा हजर, आणि गावात येऊन वर्गात बसले तेव्हा गैरहजर. असे चुकायला एकच रीत होती. कोणीतरी महिनाअखेरीला एका बैठकीत त्या ओळी भरल्या होत्या. भरताना, शिमग्याला कोण पोर शाळेत येते, असे म्हणून सवयीने 'ग' मांडला होता. इथल्याच माणसाच्या हातून अशी चूक होते. बाहेरचा माणूस सगळे दिवस हजर लिहून मोकळा झाला असता.

'ग' गोल होता, एकसारखा.

त्यांनी हजेरीपत्रक मिटले. कोणी केले ते कळले होते, आणि का केले तेही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटले, की हे गणित सुटले नसते तर बरे झाले असते.

४

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या नूतनला घेऊन सुनील सरांच्या खोलीत गेल्या. सर उमरठचे. वर्षाने निवृत्त होणार होते. पोरांना छडी न लावता गप्प करणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. त्यांनी दोघींना पाणी दिले.

"सर, नूतनच्या फाइलीत परिशिष्टं किती होती?" तुळसाबाईंनी विचारले.

"अकरा. अनुक्रमणिकेत आहेत की."

"मग शेऱ्यात तुम्ही दहा का लिहिलंत?"

सरांनी पेला खाली ठेवला. तुळसाबाई थांबल्या. मूल उत्तर शोधत असते तेव्हा मध्ये बोलायचे नाही, हा त्यांचा जुना नियम होता.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जितेशकडे फाइल आली तेव्हा शेरा लिहून झाला होता. म्हणजे पानं त्याच्या आधीच निघाली. तुमच्या आधी कोणी काढली असती, तर तुम्ही मोजताना वर अकरा आणि हातात दहा असा फरक दिसला असता. तुमच्यासारखा माणूस त्याच मिनिटाला नूतनला हाक मारून विचारतो. तुम्ही विचारलं नाही. फरक कुठून आला ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि सहीच्या वर चुकीचा आकडा लिहायला तुमचा हात धजला नाही."

"धजला नाही म्हणजे... लक्षातच आलं नाही, बाई. मोजली, दहा निघाली, दहा लिहिलं." सरांनी ड्रॉवर उघडला. सहा पाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती, एकही सुरकुती नव्हती. "फाडवली नाहीत. दोनदा हातात घेतली होती."

नूतनने पानांना हात लावला नाही. "सर, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तुम्ही माझं नाही, मॅडम. मीच..." त्यांनी तुळसाबाईंकडे बघितले. "का ते पण कळलंय तुम्हाला?"

"आठवीचं आणि सहावीचं हजेरीपत्रक बघितलं."

नूतन दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती दहावीची वर्गशिक्षिका. त्या सोळांपैकी तिच्या वर्गात एकही नव्हता. तुळसाबाईंनी तिला शिमग्याचे सगळे सांगितले. ऐकता ऐकता तिचा आवाज चढला.

"नावं कमी केली नाहीत? सर, सोळाही जणांच्या दाखल्यांचे अर्ज मी तुमच्या टेबलावर ठेवले होते! मी समजत होते दाखले गेले!"

"ते पण ड्रॉवरमध्ये आहेत."

"तिकडच्या शाळा मला फोन करतात, दाखला कुठे म्हणून. मी म्हणते, पोस्टात असेल!"

सर म्हणाले, "पटावर मुलं एकशे सात. ती सोळा काढा. किती?"

नूतन गणिताची शिक्षिका होती. उत्तर सरांनीच दिले.

"एक्क्याण्णव. पट शंभराच्या खाली गेला की मुख्याध्यापकाचं पद जातं. मग एकेक शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग नववी-दहावी चालवायची कोणी? पोरांनी पोलादपूरला जायचं. मुलगे जातील. पोरींना किती घरं पाठवतील, ते तुम्ही मला सांगा. सात कोंड तुम्ही फिरलात, मी नाही फिरलो." त्यांनी फोल्डरवर बोट ठेवले. "तुमची निवड झाली असती. बाकीचे अर्ज त्याच्यापुढे काहीच नव्हते. आणि निवड झालेल्याचा अख्खा अर्ज मान्यतेसाठी अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तिथे कोणीतरी हे सहावं पान उघडलं असतं. तारखेसकट, शाळेच्या नावासकट. तुमच्याच अर्जानं तुमचं पद गेलं असतं."

बाहेर चिमाबाई पातेली घासत होती, तो आवाज येत होता.

"मला सांगायचं तरी होतं," नूतन म्हणाली.

"सांगायला हा ड्रॉवर उघडावा लागला असता. म्हटलं, अकरातलं एक कमी झालं तर मोजतंय कोण."

"तुम्ही मोजलंत," तुळसाबाई म्हणाल्या.

सर कसेबसे हसले. "अजून एक वाट आहे. सोळा नावं गाळून नवं करा. रात्रीतून होईल."

"गाळली तरी बेरीज एक्क्याण्णवच येते, सर. एकशे सात आणायची तर त्यांना इथे हजर दाखवायला पाहिजे. खाली माझी सही." नूतनने मान हलवली. "नाय होणार माझ्याच्यानं."

सरांनी फोल्डर उचलून तिच्यासमोर ठेवला. "मग घ्या. तुमचं आहे. उद्या अकरा वाजता द्या, नाहीतर देऊ नका. दिलंत तर माझ्यावर काय येईल, त्याचा विचार करू नका. ते यायलाच पाहिजे."

५

उतारावर नूतन मध्येच थांबली. "बाई, तुम्ही सांगा."

प्रत्येक वाक्याखाली 'कशावरून' लिहायला तुळसाबाईंनीच लावले होते. त्यांनी तसे केले नसते, तर नूतनच्या अर्जात 'मेहनती, प्रामाणिक' एवढेच राहिले असते आणि कदाचित ते पुरेसेही झाले असते. मुलांना खरे लिहायला शिकवताना, खरे लिहिल्यावर पुढे काय होते ते त्यांनी कधी शिकवले नव्हते. त्यांना ते येतही नव्हते.

"हे मी सांगणार नाही गो," शेवटी त्या म्हणाल्या. "सांगितलं तर तू ऐकशील."

शनिवारी दोघी पहिल्या गाडीने महाडला उतरल्या. दुकानावरच्या खोलीत एक लांब टेबल होते, मागे मंडळाचे तिघे, मध्ये अध्यक्ष रायबा उतेकर. गावात त्यांना रायबाशेठ म्हणत. दादरला त्यांचा धंदा होता आणि बोलण्यात निम्मी मुंबई होती. तुळसाबाईंना दाराजवळच्या बाकावर बसू दिले. राहुल खिडकीपाशी उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

"या मॅडम. क्या हुआ, पान भेटलं का?"

फोल्डर नूतनच्या मांडीवरच्या पिशवीत होता. तुळसाबाईंना बाकावरून त्याचा निळा कोपरा दिसत होता. नूतनचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला. घड्याळात अकराला दहा मिनिटे कमी होती.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका," रायबाशेठ म्हणाले. "तुमचा अर्ज एक नंबर आहे. आम्ही तिघंही वाचून बोललो, असा अर्ज आपल्या मंडळाकडे कधी आलाच नव्हता. त्या टाकीच्या पत्रांवर तर मी खूश झालो. फक्त एवढं पाच नंबर ठेवा टेबलावर, मग आपण पुढचं बोलू."

तुळसाबाईंच्या मनात सोळा मुले आली, मग एक्क्याण्णव आली. त्या एक्क्याण्णवांतल्या नववी-दहावीच्या मुली वेगळ्या काढून मोजायला लागल्या, तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"नाही सापडलं," नूतन म्हणाली.

"सगळीकडे बघितलं?"

"हो. सगळीकडे."

"अरे यार." रायबाशेठना खरोखर वाईट वाटले होते. ते उजवीकडे वळले, डावीकडे वळले. दोघांनीही मान हलवली. "रूल आहे ना, मॅडम. उद्या दुसरा बोलेल, हिला सूट दिली, मला का नाही. पुढच्या टायमाला बघू."

दोघी खाली येऊन थांबल्या, तर राहुल दहा मिनिटांत बाहेर आला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. कोणी दिला कोण जाणे. त्याने नूतनपुढे धरला, मग त्याचे त्यालाच कसेतरी वाटून मागे घेतला.

"मॅडम, खरं सांगतो, मला हे असं नको होतं."

"अभिनंदन, सर."

"मला ते कोंडांवर जायचं कसं काय ते शिकवाल ना? मला रस्ते पण माहीत नाहीत."

"शिकवीन."

तो गेला. एसटी स्टँडवर पोलादपूरची गाडी लागायला तासभर होता. दोघी सावलीच्या बाकावर बसल्या. तुळसाबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, नूतनने घेतली नाही. सोमवारी सर ड्रॉवर पुन्हा बंद करतील. जूनपासून महिनाअखेरीला राहुल त्या सोळा ओळी भरायला बसेल, आणि कशा भरायच्या ते त्याला सर समजावून सांगतील. मुंबईतल्या शाळा दाखला मागत राहतील, नूतन त्यांना पोस्टाचे कारण सांगत राहील.

नूतनचा फोन वाजला. खालच्या कोंडावरचा गणू होता. त्याची मुलगी अक्षदा सहावीत. मोठ्याने बोलायची त्याची सवय. तुळसाबाईंना सगळे ऐकू येत होते.

"बाई, आमीपन निगालो मुंबयला. परीक्षा झाली की. दिव्याला खोली घेतली हाय. आमच्या भावाच्या पोरांचं तुमीच केलंवतं ना शाळंचं? अक्षदाचं पन बगाल काय?"

नूतनने डोळे पुसले. तिने पर्समधून पेन काढले, पोहोचेचा कागद मागच्या बाजूने बाकावर सरळ केला.

"बघते. दिव्यात कुठे घेतली खोली? पूर्वेला का पश्चिमेला?"

"स्टेशनच्या पुर्वेला."

"मग भावाच्या मुलांच्याच शाळेत होईल. पंधरा जूनच्या आत नाव घालायचं, उशीर केला तर घेत नाहीत. तिचं आधार कार्ड आणि जन्माचा दाखला वेगळ्या पिशवीत ठेवा, सामानात नको. मराठी माध्यमच सांगा. गणितात ती चांगली आहे, तिथल्या बाईंना मी फोन करते."

"आनि हितला दाखला?"

तुळसाबाईंनी तिच्याकडे बघितले.

"तो मी सही घेऊन आणून देते. हातात देते तुमच्या."

"लय उपकार झाले. बाई, एक इचारू? आमची येक पोर गेली, तर शाळंला काय तरास नाय ना व्हनार?"

"नाही हो, गणूभाऊ," नूतन म्हणाली. "एका मुलीनं काही होत नाही."